जुन्या वहीतली शिल्लक

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत एक लॅपटॉप आहे. 2019 साली लोकवर्गणीतून घेतलेला. शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहाचे प्रवेश, स्पर्धा परीक्षांची हॉल तिकिटे, सारे त्याच्यावरच चालते. गेल्या वर्षभरात तो इतका मंदावला की चालू करून अर्ज उघडेपर्यंत दहा मिनिटे जात. अर्जाची शेवटची तारीख आणि रांगेत सात-आठ मुले असली, की ही दहा मिनिटे थोडी नसतात.

"नवा घ्या," असा सल्ला सर्वांनी दिला. पैसे कोण देणार, ते कोणी सांगितले नाही.

खरे दुखणे हार्ड डिस्कचे होते. तिच्यात तबकडी फिरते, बहुतेक लॅपटॉपमध्ये मिनिटाला 5,400 फेरे, आणि माहिती वाचणारे टोक इकडून तिकडे सरकत राहते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. सगळी माहिती चिपमध्ये असते, म्हणून ती चटकन सापडते.

अडचण एवढीच, की जुनी डिस्क एक टीबीची आणि आमच्या ऐपतीतली एसएसडी 256 जीबीची. "हंड्यातले पाणी तांब्यात कसे मावणार?" असे एका मुलाने विचारले. मी कारकून माणूस. 31 मार्चला जुनी खातेवही बंद करून नवी उघडताना आपण जुनी पाने नव्या वहीत चिकटवत नाही. शिल्लक तेवढी पुढे ओढतो. इथेही हंडा केवढा हे न पाहता आत पाणी किती, ते पाहायचे.

पाहिले तर 340 जीबी भरलेले. 256 ची एसएसडी विंडोजमध्ये 238 च दिसते, कारण मोजण्याची पद्धत वेगळी. त्यातही थोडी जागा मोकळी ठेवावी लागते. भरलेल्यापैकी 210 जीबी कार्यक्रमांचे फोटो आणि व्हिडिओ निघाले. त्यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर केली, दुसरी खजिनदारांच्या संगणकावर. दोन्ही उघडून पाहिल्या आणि मगच मूळ फाइली काढल्या. उरले 130.

आता सी विभाग लहान करायचा. विंडोज तो एका हद्दीपलीकडे लहान करू देईना, कारण हायबरनेशन आणि पेजिंगच्या फाइली मध्येच ठाण मांडून बसतात. त्या तात्पुरत्या बंद करून लॅपटॉप पुन्हा चालू केला, तेव्हा सी विभाग 200 जीबीवर आला. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर ते आधी उघडावे आणि त्याची किल्ली लिहून ठेवावी.

सी विभागाशिवाय आणखी छोटे विभाग असतात. लॅपटॉप सुरू करणारा विभाग राहून गेला, तर सगळे नेऊनही यंत्र उठत नाही. दुरुस्तीचा विभाग पुष्कळदा डिस्कच्या शेवटच्या टोकाला असतो. म्हणून विभाग एकापाठोपाठ मांडून देणारा क्लोनिंगचा प्रोग्राम निवडला. एसएसडी यूएसबी केबलने जोडली. कुठून कुठे नक्कल होणार ते दोघांनी वाचले, कारण उलटे झाले तर जुनी माहितीच पुसली जाते. चार्जर लावून ठेवला. नक्कल पुरी झाल्यावर लॅपटॉप बंद केला, बॅटरीची जोडणी काढली आणि डिस्क बदलली. जुनी डिस्क बाहेर ठेवूनच पहिल्यांदा चालू केला. आता अर्ध्या मिनिटात पडदा उजळतो. बंद केलेल्या सोयी पुन्हा सुरू केल्या.

वाचक बंधू-भगिनींनो, काम इथे संपत नाही. काढलेल्या डिस्कवर मुलांची जात प्रमाणपत्रे, उत्पन्नाचे दाखले, आधार कार्डाच्या प्रती आहेत. फाइल डिलीट केली की बहुधा अनुक्रमणिकेतले नाव जाते, मजकूर तसाच राहतो आणि तो परत काढणारे प्रोग्राम असतात. म्हणून ती डिस्क भंगारात दिली नाही. नवी नीट चालते याची खात्री होईपर्यंत महिनाभर कपाटात कुलपात ठेवली, मग तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्ये लिहून ती कोरी केली. एसएसडीही एखाद्या दिवशी अचानक बंद पडू शकते, म्हणून बाहेरच्या डिस्कवर दर महिन्याला प्रत काढायचे ठरवले आहे. मुले आपले कागद विश्वासाने आपल्या हाती देतात. नव्या वहीत शिल्लक ओढताना जुनी वही कोणाच्या हाती पडणार नाही, हे पाहणे आपल्याच अंगावर आहे.