भिंतीवरची दोन कॅलेंडरं

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर दोन कॅलेंडरं टांगलेली असतात. एक अर्थातच कालनिर्णय. दुसरं चिरंजीवांच्या शाळेचं. शाळेचं नाव लिहायचं नाही अशी चिरंजीवांची अट आहे, आणि नववीतल्या मुलाच्या अटी पाळाव्या लागतात! एवढंच सांगते की शाळा मुंबईतलीच, फक्त मुलांची, सालेशियन फादरांची. याचे बाबाही त्याच शाळेत शिकले.

नागपूरच्या काकू मला दर वेळी विचारतात, "अगं, पण तिथे नक्की असतं तरी काय एवढं?" काकू, आज तुमच्यासाठी लिहिते.

सालेशियन म्हणजे डॉन बॉस्कोंची मंडळी. (डॉन म्हणजे आपल्या सिनेमातला नव्हे. इटलीत धर्मगुरूंच्या नावाआधी 'डॉन' लावतात.) जॉन बॉस्को यांचा जन्म १८१५चा. तुरिन शहरात कारखान्यांच्या आणि बांधकामांच्या कामाला खेड्यांतून आलेली पोरं रस्त्यावर भटकायची, त्यांना गोळा करून त्यांनी काम सुरू केलं आणि १८५९ मध्ये संस्था काढली. भारतात हे लोक पहिल्यांदा आले ते १९०६ मध्ये, आणि कुठे, तर तंजावरला! मराठी माणसाचे कान टवकारावेत असंच गाव. मुंबईत आले १९२८ साली. माटुंग्याची त्यांची शाळा तर सगळ्यांना माहीत आहे, रवी शास्त्री तिथलाच.

बॉस्को लहानपणी दोरीवरून चालायचे, हातचलाखीचे खेळ करायचे आणि तिकीट म्हणून बघणाऱ्यांकडून प्रार्थना म्हणवून घ्यायचे. तो खेळकरपणा त्यांच्या शाळांमध्ये उरलाय. मधल्या सुट्टीत फादर मैदानात पोरांमध्ये असतात. मुलांवर लक्ष ठेवायचं तर त्यांच्यात मिसळून, शिक्षेच्या धाकाने नाही, हे बॉस्कोंचं सूत्र. सगळेच शिक्षक ते पाळतात असं नाही (चिरंजीवांचे कान साक्षीला आहेत), पण मैदान मात्र भरलेलं असतं.

तर शाळेचं कॅलेंडर. जूनमध्ये सुरुवात. १५ ऑगस्टला झेंडावंदन, त्याच दिवशी मरियामातेचा सण, आणि दुसऱ्या दिवशी बॉस्कोंचा वाढदिवस. सप्टेंबरात मोत माउलीची जत्रा, म्हणजे निम्मा वर्ग वांद्र्याला. मग स्पोर्ट्स डे, नाताळचं नाटक, जानेवारीत प्रजासत्ताक दिन. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणाचा तास, बाकीच्यांना मूल्यशिक्षण. आमच्याकडे गणपतीला याच्या वर्गातले डिसोझा-परेरा मंडळी मोदकांवर तुटून पडतात आणि नाताळात आमच्याकडे कुलकुलांचे डबे येतात. मला तर आता कुलकुलं आणि शंकरपाळे यांच्यात फारसा फरकच वाटत नाही.

नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा महिना. दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत एक प्रार्थनासभा होते. त्यात विद्यार्थ्यांच्या घरच्या गेलेल्या माणसांची नावं वाचतात. धर्म विचारत नाहीत. गेली दोन वर्षं त्या यादीत याच्या बाबांचं नाव असतं. पितृपक्षात मी घरी पान वाढते, तेव्हा चिरंजीव दाराशी उभे राहून कावळ्याला हाका मारतात. शाळेतल्या सभेबद्दल मात्र काही बोलत नाहीत. मी विचारलं तर एकदा म्हणाला, "आडनाव बरोबर उच्चारलं." बस्स.

आता मुद्द्यावर येते. ३१ जानेवारी हा बॉस्कोंचा सण. १८८८ मध्ये याच दिवशी ते गेले. आदल्या दिवशी, ३० जानेवारीला, सकाळी अकरा वाजता शाळा गांधीजींसाठी दोन मिनिटं गप्प उभी राहते, आणि दुसऱ्या दिवशी तीच शाळा नुसता कल्ला करते. सकाळी मिस्सा, मग खाऊ, मग खेळ. यंदा दुपारी नववीचा क्रिकेट सामना आहे, मुलगे विरुद्ध वडील.

सूचनेचा कागद मला दप्तरात सापडला नाही, डब्याच्या पिशवीत तळाशी घडी करून ठेवलेला सापडला. 'वडील व मुलगा दोघांनी उपस्थित राहणे आवश्यक.' खाली वडिलांच्या सहीची जागा.

मी तो कागद ओट्यावर ठेवला आणि कणीक मळत राहिले. काही लोक म्हणतील, एवढं काय त्यात, सूचना आहे, छापून येते दर वर्षी. मान्य. हाच सामना याचे बाबा शाळेत असताना खेळले होते आणि त्यांच्या वडिलांना पहिल्याच चेंडूवर बाद केल्याची गोष्ट ते आयुष्यभर सांगायचे. त्यामुळे सामनाच नको असं माझ्या तोंडून निघणार नाही. पण ती 'आवश्यक' ही एक शब्दाची टाचणी टोचली खरी.

माझ्या भावाला कळलं, तर तो लगेच म्हणाला, "मी येतो की! मामा म्हणजे अर्धा बाप." चिरंजीव शांतपणे म्हणाले, "मामा, तू बघायला ये."

रात्री ताटं आवरताना तो आपणहून बोलला. "आई, डॉन बॉस्कोलापण बाबा नव्हते. आमच्या तासाला सांगितलंय. तो दोन वर्षांचा पण नव्हता. मग त्याच्या बर्थडेला नाही तर सणाला, बाबांची मॅच कशाला?"

याला काय उत्तर द्यायचं? मी दिलं नाही. मी नंतर शोधून वाचलं. खरंच आहे. १८१७ मध्ये वडील न्यूमोनियाने गेले. आई मार्गेरिता लिहा-वाचायला न शिकलेली शेतकरीण, तिने मुलं वाढवली. पुढे १८४६ मध्ये मुलाच्या मदतीला ती तुरिनला गेली आणि त्या शेकडो उनाड पोरांचं जेवण, शिवण, धुणं करत १८५६ मध्ये तिथेच वारली. पोरं तिला 'मम्मा' म्हणायची. एकदा पोरांनी तिचा भाजीचा वाफा तुडवला तेव्हा ती वैतागून गावी परत जायला निघाली होती म्हणे. हे वाचून मला ती फारच जवळची वाटली.

मी शाळेत जाऊन बोलते म्हटलं, तर चिरंजीव चिडले. "तू आलीस तर सगळ्यांना कळेल." सगळ्यांना माहीतच आहे, रे बाळा. पण माहीत असणं वेगळं आणि आई ऑफिसबाहेर बाकावर बसलेली दिसणं वेगळं, हे मला कळतं.

मग गेल्या शनिवारी याचे तीन मित्र घरी आले. एकाचे बाबा जहाजावर असतात, सहा-सहा महिने घरी नाहीत. एकाचे दुबईत. एकाचे आईबाबा वेगळे राहतात. मी पोहे करत होते आणि बाहेर खलबत चालू होतं. पोहे घेऊन गेले तर एका वहीत टीम लिहिलेली. वडिलांची टीम! आणि तिच्या शेवटी या चौघांची नावं.

मी म्हटलं, "हे काय?"

"अगं, वडिलांच्या टीमला दर वर्षी फिल्डर कमी पडतात. ते धावत नाहीत. दहा ओव्हर झाल्या की बसतात सगळे," चिरंजीव म्हणाले. "आम्ही चौघं त्यांच्याकडून खेळणार. पीटीच्या सरांना विचारलंय. ते हो म्हणाले."

जहाजवाल्याने पोह्यांवर लिंबू पिळत माहिती पुरवली, "आंटी, यंदा वडील जिंकणार."

मी आत आले आणि उगाचच गॅस पुसत बसले.

सहीच्या जागेचा प्रश्न राहिलाच होता. काल तो कागद आणि पेन माझ्यापुढे आलं. मी वडिलांच्या नावाखालच्या रेषेवर माझी सही केली, पूर्ण नावाची, त्यांच्या नावासकट. सूचना लिहिणाऱ्यांना एक चिठ्ठीही जोडली आहे, पुढल्या वर्षीपासून 'पालक' असा शब्द छापावा म्हणून. ती चिरंजीवांना वाचून दाखवली. त्यांनी एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि दप्तरात ठेवली. या वेळी दप्तरात, डब्याच्या पिशवीत नाही.

पुढच्या वर्षी दहावी. म्हणजे क्लास आणि सराव परीक्षा यांखेरीज घरात काही घडणार नाही. त्यामुळे हा सण त्याचा शाळेतला शेवटचा मोकळा सण, असं मी धरून चालले आहे.

सामना दुपारी साडेतीनला आहे. मामा येणार, बघायला. आजीही यायचं म्हणतेय, तिला सावलीतली खुर्ची मिळायला हवी. मी दोन डबे शंकरपाळे नेणार आहे, वडिलांच्या टीमसाठी.