सेटिंगमध्ये आहे की!

ओपन सोर्समध्ये मुरलेल्या माणसाला कुठलीही अडचण सांगा, उत्तर ठरलेलं: "सेटिंगमध्ये आहे की!" आणि ते खोटं नसतं. सोय खरंच असते, चार मेनूंच्या तळाशी. पण सेटिंग शोधून काढणारा माणूस नवखा उरलेलाच नसतो. खरा नवखा त्याआधीच "आपल्याला नाही बुवा जमायचं" म्हणून उठून गेलेला असतो. पडद्यावरच्या सूचना आणि मदतपानं लिहिता लिहिता माझं लक्ष म्हणूनच डिफॉल्टवर खिळतं. कुणी काहीही न निवडता जे समोर येतं, तेच नव्या माणसाचं स्वागत.

ब्लेंडरचंच घ्या. थ्रीडी चित्रं आणि ॲनिमेशन करायचं हे सॉफ्टवेअर २००२ साली १ लाख युरो वर्गणी जमवून मुक्त केलं गेलं. पण पुढे कितीतरी वर्षं त्यात वस्तू निवडायची ती माऊसच्या उजव्या बटणाने. नवा मुलगा सवयीने डावं दाबायचा. वस्तू निवडली जायचीच नाही, वर भलत्याच जागी एक लाल-पांढरं वर्तुळ येऊन बसायचं. त्याला वाटायचं, आपणच काहीतरी बिघडवलं. २०१९मध्ये २.८० आवृत्तीत डावं बटण डिफॉल्ट झालं. उजवं काढून टाकलं नाही. पहिल्यांदा उघडताच कुठलं हवं ते निवडायची सोय दिली. मला हा न्याय पटतो. बदलाचा त्रास कुणाला तरी होणारच. मग ज्याला सेटिंग सापडतं त्याने तो सोसावा.

प्रत्येक डिफॉल्ट बदलता येतोच असं नाही. गिम्प या चित्रं-फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-एस दाबलं की चित्र एक्ससीएफ फाइलमध्येच सेव्ह होतं, कारण त्याचे थर तिथे वेगवेगळे टिकतात; जेपीजीत ते एकजीव होऊन जातात. २०१२च्या २.८ आवृत्तीपासूनचा हा नियम, आणि तो सकारण आहे. पण ज्याला फोटो फक्त व्हॉट्सॲपवर पाठवायचाय, तो नावापुढे जेपीजी लिहितो आणि अडतो. आता तिथल्या संदेशातच थेट एक्स्पोर्टच्या खिडकीत नेणारा दुवा असतो. नियम जागच्या जागी, आणि माणूसही अडत नाही. संदेश लिहिताना मी एवढंच पाहतो: हे वाचून पुढे काय दाबायचं ते कळतं का? कळत नसेल तर वाक्य कितीही बिनचूक असो, मी ते खोडतो.

डिफॉल्ट ठरवण्याच्या कामात खरी गोम वेगळीच आहे. डिफॉल्ट बदलला की जुने लोक लांबलचक तक्रारी लिहितात, कारण त्यांना ते सॉफ्टवेअर आपलं वाटतं. नवा माणूस तक्रार करत नाही. तो गुपचूप दुसरं काहीतरी वापरायला लागतो. म्हणून तक्रारी मोजून निर्णय घेतला तर कौल दर वेळी जुन्यांच्याच बाजूने लागतो. जो लिहून कळवणारच नाही, त्याच्या वतीने बैठकीत कुणाला तरी हट्टाने भांडावं लागतं. मदतपानं लिहिणाऱ्याने ते भांडण आपल्या कामातच धरावं.