कोणी आलं होतं का?

परदेशात स्थायिक झालेल्यांच्या आठवणींमध्ये बर्फ फार लवकर पडतो. मग नोकरीची वणवण येते, पहिली गाडी येते, शेवटी स्वतःचं घर. या सगळ्याच्या आधीचे आठवडे मात्र कोणी सांगत नाही, कारण त्यांत सांगण्यासारखं काही घडतच नाही. माणूस रांगेत उभा असतो, फॉर्म भरत असतो, आणि दुसऱ्यांच्या घरी जेवत असतो. मला मात्र तेच आठवडे जास्त आठवतात, आणि त्यातही ते दुसऱ्यांच्या घरचं जेवण.

आम्ही २०१२च्या नोव्हेंबरअखेरीस नाशिकहून टोरांटोला आलो. नवरा, मी, बारा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीत सही-शिक्का झाला की कस्टम्सकडे पाठवतात. तिथे बी-४ नावाचा एक फॉर्म असे. त्यात दोन याद्या द्यायच्या. बरोबर आणलेलं सामान आणि मागाहून येणारं सामान. वस्तू तुमच्या मालकीच्या आणि वापरातल्या असल्या की त्यांवर कर नाही, पण प्रत्येकीपुढे डॉलरमध्ये किंमत लिहायची.

ही यादी नाशिकला सासूबाईंच्या देखरेखीखाली झाली होती. बरोबरच्या यादीत पोळपाट-लाटणं होतं, पुरणयंत्र होतं आणि मिक्सरऐवजी पितळी खलबत्ता होता. आपला मिक्सर २३० व्होल्टचा आणि तिथल्या भिंतीत १२०, तेव्हा त्याचं ओझं कशाला? माझ्या पाटल्या फोटोसकट होत्या. देवघरातला रांगता बाळकृष्णही होता, आणि त्याच्यापुढे कोणती किंमत लिहायची यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी ‘पितळी, जुना, ५ डॉलर’ असं लिहिलं तेव्हा सासूबाईंनी देवाकडे बघून हात जोडले.

मागाहून येणाऱ्या सामानाची यादी त्यांनी स्वतः सांगितली. तांब्याचं घंगाळ, सहा पाट, पंचवीस माणसांचा भात होईल असं पातेलं, आणि स्टीलची डझनभर ताटं वाट्या-भांड्यांसकट. नवरा म्हणाला, “आई, आम्ही चौघं आहोत.” त्या म्हणाल्या, “चौघांसाठी कोणी भांडी घेतं का रे? येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय हातावर वाढणार?”

कस्टम्सच्या अधिकाऱ्याने पाट म्हणजे काय एवढंच विचारलं. “बसायचे, लाकडी,” मी म्हणाले. त्याने शांतपणे शिक्का मारला. अशा रीतीने आमच्याकडे येणारे-जाणारे असणार हे कॅनडा सरकारच्या दफ्तरी नोंदलं गेलं.

प्रत्यक्षात येणारं कोणी नव्हतं.

जागा मिळाली ती मिसिसागा शहराच्या माल्टन भागात, एका पंजाबी कुटुंबाच्या बेसमेंटमध्ये. तीही सहज नाही मिळाली. घरमालक क्रेडिट हिस्टरी मागत, आणि आमच्या नावावर एक पैशाचं कर्ज नव्हतं. नाशिकला ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला ती इथे संशयास्पद ठरत होती. ज्याने कधी कर्ज घेतलं नाही तो फेडेल याचा पुरावा काय? तर्क बिनतोड आहे, पण पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला तो गिळायला वेळ लागतो. आरोग्य विम्याचं कार्ड लागू व्हायला तेव्हा ऑन्टारिओत तीन महिने थांबावं लागे, म्हणजे आजारी पडायची मुभासुद्धा फेब्रुवारीअखेरीपासून. शिवाय दुकानात वस्तूवर लिहिलेली किंमत ही किंमत नसते. गल्ल्यावर पोचलं की बहुतेक वस्तूंच्या किमतीत १३ टक्के कर मिळवतात. एमआरपीवर वाढलेली माझी मुलगी हिशोबाने मोजून नेलेली नाणी हातात धरून तिथेच उभी राहायची. त्या परक्या दुकानात ओळखीची एकच गोष्ट होती, पिशवीतलं दूध. ऑन्टारिओत मोठ्या पिशवीत तीन लहान पिशव्या मिळतात, मिळून ४ लिटर. तिचा कोपरा कापताना मला पहिल्यांदा वाटलं की या देशाशी आपलं जमेल.

बेसमेंटची खिडकी छताला लागून होती, जमिनीच्या पातळीवर. त्यामुळे आमचा पहिला कॅनडा घोट्यापर्यंतचा. बूट, टायर, कुत्र्याचे पाय. पावणेपाचच्या आत सूर्य मावळायचा आणि मग पायही दिसेनासे व्हायचे. विमानतळ जवळ असल्यामुळे डोक्यावरून विमानं जायची ती इतकी खालून, की बोलणं अर्ध्यावर थांबवून मग पुढे चालू करायची सवय आम्हाला लागली.

रोज सकाळी आठला स्काइपवर सासूबाई. हिवाळ्यात वेळेचा फरक साडेदहा तासांचा, म्हणजे त्यांची दिवेलागण झालेली असे. त्यांच्या मागे कोणी ना कोणी कायम बसलेलं. शेजारच्या काकू, दूधवाला, कधी माझीच आई. त्या इकडच्या थंडीबद्दल विचारत नसत, नवऱ्याच्या नोकरीचंही फार नाही. प्रश्न ठरलेला: “काल कोणी आलं होतं का?”

नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. एकदा विषय बदलावा म्हणून मी सांगितलं की इथल्या महापौर हेझल मॅकॅलियन एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत, आणि १९७८पासून त्याच निवडून येतायत. सासूबाई चकित झाल्या, खूश झाल्या, आणि म्हणाल्या, “मग बोलाव की त्यांना एकदा चहाला.”

खरं तर माणसांची वाण नव्हती. नवऱ्याच्या ओळखीच्या एकाने गाद्या दिल्या, जुने कोट दिले, आपल्या गाडीतून सरकारी कचेऱ्या दाखवल्या. दर शनिवारी कोणीतरी जेवायला बोलवायचं. वरच्या आंटीजी सरसों का साग खाली पाठवायच्या, वर लोण्याचा गोळा. सगळ्यांनी आपापले पहिले दिवस काढलेले होते आणि ते दिवस आठवून ते आमच्यासाठी करत होते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही फक्त कृतज्ञता आहे. पण घेण्याचाही एक शीण असतो. तो उघड बोलता येत नाही, कारण बोललं की कृतघ्नपणा वाटतो. जेवायला बसलं की यजमान सल्ले देतात, आपण मान डोलावतो. निघताना डबा बांधून देतात. त्यांचा डबा रिकामा परत करू नये ही आपली रीत, पण त्यात घालायला आपल्याकडे काय असतं? मी साखर घालायची, तीही त्यांच्याच गाडीतून आणलेली. माझा नवरा, जो नाशिकला पाहुणा दारात दिसला की आत वळून “चहा टाक गं” म्हणायचा, तो लोकांच्या सोफ्याच्या कडेवर बसायला लागला होता. पूर्ण टेकून बसत नव्हता. हे मी त्याला कधी बोलले नाही.

माल्टनला एअरपोर्ट रोडवर मोठा गुरुद्वारा आहे. आंटीजी एका रविवारी आम्हाला तिथे घेऊन गेल्या. पंगतीत बसून लंगर जेवलो. डाळ, रोटी, खीर. इथेही आपण घेणारेच, असं मनात येतंय तोवर मुलीने स्वयंपाकघराचं दार दाखवलं. आत तव्यासमोर आणि परातींभोवती बायका बसल्या होत्या. मी आंटीजींना विचारलं, मला लाटू देतील का? त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. विचारायचं काय त्यात, हात धुवायचे आणि बसायचं!

मी बसले. माझी पोळी तिथल्या हिशेबाने फार पातळ आणि फार मोठी. शेजारच्या आजींनी माझा हात धरून जाडी शिकवली, मग पाचव्या-सहाव्या रोटीनंतर सोडून दिलं. रोट्या बाहेर जात होत्या. कोण खातंय ते मला दिसत नव्हतं, त्यांना मी दिसत नव्हते. देशात पाऊल ठेवल्यापासून पहिल्यांदा माझ्या हातचं कोणीतरी खात होतं. घरी येताना नवरा म्हणाला, “आज बरी दिसतेस.” शिखांनी ही व्यवस्था पाहुण्यांसाठी केली असं आपण समजतो. माझं मत आता असं आहे, की तिचा निम्मा उपयोग वाढणाऱ्यांना आहे.

दरम्यान मुलांची शाळा सुरू झाली होती आणि पहिल्याच आठवड्यात चिठ्ठी आली: डब्यात शेंगदाणा नको. कोणत्याही रूपात नको. वर्गातल्या कोणाला ॲलर्जी असेल तर जिवावर बेतू शकतं. हा नुसता शाळेचा लहरीपणा नव्हता. २००३ साली ऑन्टारिओतली सब्रिना शॅनन नावाची तेरा वर्षांची मुलगी शाळेत खाल्लेल्या पदार्थाच्या ॲलर्जीने गेली, आणि तिच्या नावाचा कायदा २००६पासून लागू आहे. प्रत्येक स्कूल बोर्डाला त्याबाबत धोरण ठेवावंच लागतं. वाचून अंगावर काटा आला. मग मी डब्यांचा विचार करायला बसले आणि लक्षात आलं की मराठी बाईच्या हातातून दाण्याचं कूट काढून घेतलं तर उरतं काय? साबुदाण्याची खिचडी गेली. काकडीची कोशिंबीर गेली. भरलं वांगं, मेथीची पातळ भाजी, गूळ-दाण्याचा लाडू, पोळीबरोबरची चटणी, सगळं गेलं. सासूबाईंना सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तीळ चालतात का विचार.” विचारलं. तेही नकोच म्हणाले.

डिसेंबरच्या मध्यावर एका दुपारी दार वाजलं. बेसमेंटचं दार घराच्या बाजूला असतं, तिथे चुकूनही कोणी येत नाही. उघडलं तर मुलाच्या वर्गातल्या एका मुलाची आई, हातात आमच्या चिरंजिवांचा एक हातमोजा. तो शाळेच्या फाटकात पडला होता. मी हातमोजा घेतला, आभार मानले, आणि तोंडातून आपोआप निघालं की आत या ना. तिने घड्याळ पाहिलं नाही. बूट काढले आणि मुलाला घेऊन आत आली.

खुर्ची नव्हती. ती सुटकेसवर बसली. मी पोहे भिजवले. दाणे डब्यात होते, पण तिच्या मुलाचं काय माहीत? विचारलं, तर त्याला खरोखरच ॲलर्जी होती. मग दाण्याचा डबा दूर ठेवला, हात आणि कढई पुन्हा धुतली, आणि नुसत्या कांद्याचे पोहे फोडणीला टाकले. मोहरी तडतडायला आणि छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला एकच गाठ. मी घाबरून गॅसकडे धावले. ती मात्र उठली, ओट्यावरचं फडकं घेतलं आणि भोंग्याखाली उभी राहून सराईतपणे वारा घालू लागली. तिच्या घरी रोज होतं म्हणे.

बोलता बोलता कळलं की ती गयानाची. तिचे पणजोबा कलकत्त्याहून जहाजात बसून ऊसमळ्यावर गेलेले. १८३८ ते १९१७ या काळात असे सुमारे २ लाख ३९ हजार लोक करारावर ब्रिटिश गयानात नेले गेले. त्यातले बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे होते. त्यांना कोणी दोन याद्या करायला सांगितल्या नव्हत्या. तिला हिंदी येत नव्हतं, पण रोटी, डाळ, फुलौरी हे शब्द होते आणि हात धुऊन जेवायला बसणं होतं. तिचे आईवडील टोरांटोला आले तेव्हा ती माझ्या मुलीएवढी होती. मी विचारलं, पहिले दिवस कसे गेले? ती म्हणाली, आईने आल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या अनोळखी बाईला घरी बोलावलं होतं. ती बाई आली नाही. आई ते अजून सांगते.

तिने दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले. नवरा कामाच्या मुलाखतीहून परत आला, दारातले परके बूट पाहून थबकला, आणि कोट न काढताच म्हणाला, “अगं, चहा टाकलास का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला स्काइप लागला. प्रश्न यायच्या आधीच मी म्हणाले, “आलं होतं.” सासूबाईंनी मागच्या काकूंना हाताने थांबवलं.

“काय केलंस?”

“पोहे.”

“दाणे घातलेस ना?”

मागाहून येणाऱ्या यादीतलं घंगाळ अजून नाशिकला आहे. पातेलं आणि ताटं मात्र आली. सासूबाईंनीच आणली, आईवडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर आल्या तेव्हा. डझनभर ताटं आता कमी पडतात.

आता नवीन आलेल्या कुटुंबाचं करायची पाळी आमची असते आणि आम्हीही तेच सगळं करतो, गाद्या, कोट, गाडी, शनिवारचं जेवण. ते करायलाच हवं. पण मी एक गोष्ट जास्तीची करते आणि वाचणाऱ्यांनाही करायला सांगते. त्यासाठी कॅनडात असायची गरज नाही, तुमच्या नाशिक-पुण्याच्या इमारतीतही कोणी ना कोणी दुसऱ्या राज्यातून नुकतं येऊन राहिलेलं असतं. त्यांना तुमच्याकडे बोलावण्याआधी एकदा तुम्ही त्यांच्याकडे जा. हातात काही नेऊ नका. कुठेही बसवलं तरी बसा, जे पुढे येईल ते खा, चव आवडली तर पुन्हा मागा. आणि दाण्यांची ॲलर्जी असेल तर दारातच सांगा.