भरतीच्या पाण्याने चिपळूणला

आम्हा गंगापूर रोडच्या बायकांना नदीचे तसे नवल नाही. फिरायला म्हणून सोमेश्वरच्या धबधब्यापर्यंत जावे, पाहुणे आले की धरणावर बोटीत बसवून आणावे. पण आमची गोदामाई मोठी हट्टी! त्र्यंबकेश्वराहून पश्चिमेचा समुद्र शंभर किलोमीटरसुद्धा नाही. ही मात्र त्याच्याकडे पाठ फिरवते आणि पूर्वेला १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. त्यामुळे समुद्र नदीत शिरतो नि नदी उलटी वाहू लागते, हे आम्ही आपले भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले.

आमच्या भिशीतल्या काकूंचे माहेर चिपळूणचे, आजोळ दाभोळचे. लहानपणी आजोळी जायचे ते खाडीतून, होडीने. पण २२ जुलै २०२१ च्या पुरात भावाच्या घरात पाणी पार माळ्याला लागले, आणि तेव्हापासून वाशिष्ठीच्या पुलावर गाडी आली की काकू डोळे मिटून घ्यायच्या. "तिचं तोंड बघायचं नाही मला," म्हणायच्या. यंदा त्याच म्हणाल्या, "गुडघे चालतायत तोवर एकदा त्या पाण्यानं माहेरी जाऊन येते. कोण येतंय?" आम्ही पाचजणी तयार झालो.

हर्णैहून निघायचे, किनाऱ्याकिनाऱ्याने दाभोळ गाठायचे आणि तेथून खाडीने वर गोवळकोटला, असा बेत. होडीवाल्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो तिथीचा! कोळ्यांचा हिशेब सोपा आहे, मैत्रिणींनो. तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती पुरी होते. आम्ही माघ वद्य द्वितीया धरली. दोनची पाऊणपट दीड. म्हणजे सकाळी सातच्या सुमारास पाणी चढू लागणार आणि दुपारपर्यंत आपल्याला पाठीवर घेऊन वर नेणार. उपास-तापास बघायचे स्वयंपाकघरातले कॅलेंडर समुद्रालाही लागू पडते, हे आजवर कुणी सांगितलेच नव्हते!

आठाला निघालो. उजव्या हाताला पाण्यात उभा सुवर्णदुर्ग. आंग्र्यांचा हा किल्ला १७५५ मध्ये इंग्रजांनी घेतला. पुढे मुरुड लागले. महर्षी कर्व्यांचे हे गाव. १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढणारा माणूस या वाळूत खेळला, म्हणून आम्ही होडीतूनच हात जोडले. कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे ही गावे नारळींच्या रांगेमागून एकेक करून सरली. दोघींना मळमळले. आल्याचा तुकडा नि आवळासुपारी जवळ ठेवाच, आणि रिकाम्या पोटी बसू नका. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. अशा होडीत बायकांची सोय नसते. दाभोळला उतरून ती आधी उरकून घ्या. जाकिटे मात्र मागून घ्यावीत, ती घातल्याशिवाय बसू नये.

दाभोळ एके काळी मोठे बंदर. धक्क्याजवळची सतराव्या शतकातली घुमटाची मशीद अजून त्या वैभवाची खूण सांगते. समोरच्या तीरावर अंजनवेलचा गोपाळगड आणि एन्रॉनमुळे गाजलेला वीजप्रकल्प. मधून धोपाव्याची फेरीबोट मोटारी घेऊन ये-जा करते, ती २००३ पासून.

येथून वळलो आणि समुद्राचा आवाजच बंद झाला! पाणी हिरवे, संथ. कांदळवनाची मुळे बुडत चाललेली. होडीवाल्याने यंत्र क्षणभर थांबवले, तरी होडी आपली वरवर चालली होती. पाण्यावरचे नारळाचे सोडणही डोंगराकडे निघालेले. आम्ही नाशिककरणी बघतच राहिलो. पुढे एका चिखलाच्या ओट्यावर दोन मगरी तोंड वासून ऊन खात पडल्या होत्या. काकूंनी दशम्यांचा डबा सोडला, पण खायचे भान कुणाला!

काकू मात्र गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हीच भरती त्या दिवशी आडवी आली." खरेच होते ते. त्या वेळी गुरुपौर्णिमा तोंडावर आलेली, समुद्राला उधाण. वर डोंगरात कोसळता पाऊस. खाली समुद्र दार लावून बसलेला, मग नदीने जायचे कुठे? बाजारपेठेत शिरली. शिवाय पूर्वेला जाणारे कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजघरातून वर्षानुवर्षे याच वाशिष्ठीत सोडले जाते. कोणत्या पाण्याचा दोष किती, यावर चिपळुणात अजून वाद घालतात. काकूंना त्या वादात रस नव्हता. त्यांनी वाकून ओंजळ भरली, पाणी तोंडाला लावले आणि म्हणाल्या, "खारट आहे अजून. गोवळकोट लांब आहे."

नंतर दोनदा त्यांनी तसेच चाखून पाहिले. तिसऱ्यांदा काही बोलल्या नाहीत, आम्हालाच ओंजळ पुढे केली. खारटपणा जवळजवळ गेला होता. वळणावर गोविंदगडाची टेकडी दिसत होती.

सव्वादोनला गोवळकोटच्या धक्क्याला लागलो. ओहोटी गाठायची म्हणून होडीवाला चहालाही थांबला नाही. काकूंचे भाऊ रिक्षा घेऊन उभे होते. घरात भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर हातभर, पुराची मातकट रेघ तशीच आहे. रंग देताना वहिनींनी तेवढी पट्टी मुद्दाम सोडून दिली. त्यांनी ओल्या काजूंची उसळ केली होती. काकू त्या रेघेखाली पाट मांडून बसल्या आणि भावाला म्हणाल्या, "परतीचं पाणी कितीला लागतं रे? पुढच्या खेपेला दाभोळला उतरायचंय मला, तुम्ही दोघंही चला."