जन्मस्थळ : इचलकरंजी

आमच्या लोखंडी ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या एका पिशवीत दोन जन्मदाखले आहेत. एक इचलकरंजी नगरपालिकेचा, 1983 सालचा, थोरल्याचा. दुसरा अरबी अक्षरांतला, जेद्दाहचा, 1987 सालचा, धाकट्याचा. दोघं एकाच आईबापाची लेकरं, दोघांचे पासपोर्ट भारताचे. या दोन कागदांमुळे माझ्या मुलांच्या आयुष्यात एवढं अंतर पडेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

मी 1979 साली जेद्दाहला गेलो. एका व्यापाऱ्याच्या गोदामात हिशेबनीस होतो. लग्नानंतर काही दिवसांनी बायकोलाही नेलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपल्याकडची रीत. तिचं माहेर गावातलंच. सातव्या महिन्यात ती इचलकरंजीला आली आणि थोरला इथं जन्मला. दुसऱ्या खेपेला रीतीचं बंधन नव्हतं, तिकिटाचे पैसेही नव्हते. धाकटा तिकडंच झाला.

तिथं आम्ही कायमचे कधीच नव्हतो. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तो कफीलच्या, म्हणजे मालकाच्या हातात. गावी सुट्टीवर यायचं तरी त्याची परवानगी लागे. तिथं जन्मलेल्या पोराला त्या देशाचं नागरिकत्व मिळत नाही. तो बापाच्या इकाम्यावरचा एक धनी, एवढंच. 1996 साली पासपोर्टवर ‘खुरूज’चा शिक्का बसला आणि सतरा वर्षांचा संसार चार पेट्यांत भरून आम्ही परत आलो. पुढं 2019 साली सौदीनं पैसे भरून कायम राहण्याचा परवाना देऊ केला. किंमत आठ लाख रियाल! माझ्या सतरा वर्षांच्या पगाराची बेरीजही तेवढी झाली नसती.

दोन्ही मुलं इथंच इंजिनिअर झाली. धाकटा 2010 साली अमेरिकेत शिकायला गेला. थोरला पुण्याच्या कंपनीत होता, त्याला कंपनीनं 2011 साली तिकडं पाठवलं. 2016 साली दोघांच्याही कंपन्यांनी त्यांच्या ग्रीन कार्डाचे कागद भरले. एकच वर्ष, जवळपास सारखंच काम. तेव्हाच हे दोन दाखले ट्रंकेतून काढून मी त्यांच्या प्रती पाठवल्या होत्या.

धाकट्याचं कार्ड 2018 साली हातात आलं. थोरला अजून रांगेत आहे.

मला वाटलं, थोरल्याच्या कागदांत काही चूक राहिली असणार. एका रात्री फोनवर त्यानं मला कायदा समजावला. 1990 च्या तिथल्या कायद्यानं नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण 1,40,000 कार्डं मिळतात. नोकरदाराबरोबर त्याची बायकामुलंही त्याच आकड्यात मोजली जातात. शिवाय कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त जात नाहीत. देश हिंदुस्थानाएवढा असो, नाहीतर चार-पाच लाख वस्तीचा. आणि देश म्हणजे पासपोर्टचा नव्हे, जन्माचा. धाकटा त्यांच्या वहीत सौदी अरेबियाचा. त्या दाराशी गर्दीच नव्हती. थोरला हिंदुस्थानाचा, त्याच्यापुढं लाखो माणसं.

“नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असली तर तिच्या देशाच्या रांगेत जाता येतं, अब्बा. भावाच्या देशाच्या रांगेत जाता येत नाही,” तो हसत म्हणाला. आमची सून मिरजेची!

ज्या देशानं मला सतरा वर्षांत कायमचं म्हटलं नाही, त्याच देशाच्या नावावर माझा एक मुलगा तिसऱ्या देशात कायमचा झाला. आणि ज्या गावाला मी आयुष्यभर आपलं म्हटलं, त्याचं नाव दुसऱ्या मुलाच्या आड आलं.

तेव्हापासून दर महिन्याला अमेरिकेचं बुलेटिन आलं की थोरल्याचा फोन येतो. ज्या तारखेपर्यंत कागद भरलेल्यांचा नंबर लागला, ती तारीख त्यात छापलेली असते. सलाम-दुआ होते, माझ्या गुडघ्यांची चौकशी होते, मग मी विचारतो, “कुठवर आली?” कधी महिन्यानं सरकते, कधी जागची हलत नाही. कधी मागंही जाते. सप्टेंबर 2022 मध्ये त्याच्या वर्गाची तारीख डिसेंबर 2014 पर्यंत आली होती. आमच्या घरात शिरखुर्म्याची भाषा सुरू झाली. ऑक्टोबरात तीच तारीख एप्रिल 2012 वर गेली. सायझिंगवर बिमांचा नंबर लांबलेला मी जन्मभर पाहिला आहे; आलेला नंबर अडीच वर्षं मागं गेलेला कधी पाहिला नाही. तीन वर्षांनंतर, ऑक्टोबर 2025 मध्ये, ती एप्रिल 2013 वर होती. थोरल्याचा कागद 2016 चा.

ही नुसती कागदाची वाट असती तर मी लिहायला बसलो नसतो. नोकरी आहे, घर आहे, मुदत वाढवून मिळते. पण मुदत वाढली तरी पासपोर्टवरचा शिक्का वेगळा. एकदा देशाबाहेर पडलं की तो परदेशातल्या वकिलातीतून नवा करून घेतल्याशिवाय परत जाता येत नाही. थोरल्याचा शिक्का 2020 मध्ये संपला होता.

2021 च्या एप्रिलमध्ये बायकोचं दुखणं बळावलं. धाकटा पंधरा दिवसांत आला. थोरल्यानं तिकीट पाहिलं, वकिलाला विचारलं, पुन्हा तिकीट पाहिलं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या वकिलातीची नेहमीची कामं बंद झाली आणि हिंदुस्थानातून येणाऱ्यांना अमेरिकेनं दार लावलं. कार्डवाल्यांना सूट होती. आला असता तर नोकरी, बायको, मुलं तिकडं आणि हा इकडं, किती महिने ते अल्लालाच ठाऊक. मीच त्याला येऊ नको म्हणालो.

रमजान ईदला चार दिवस राहिले होते, तेव्हा ती गेली. टाळेबंदीमुळं जनाजाला मोजकी माणसं. धाकट्यानं मिट्टी दिली. भाच्यानं फोन वर धरला होता, त्यात थोरला. त्याच्याकडं रात्र होती. दुआ झाल्यावर भाच्यानं फोन खाली घेतला, तर तो दोन्ही हात तसेच पसरून बसलेला.

आपल्याकडं मिट्टी देणं हा मुलाचा हक्क. तो हक्क एका मुलाला मिळाला आणि दुसऱ्याला नाही. दोघांत फरक होता तो एवढाच, त्या दोन दाखल्यांचा.

अन् ही गोष्ट माझ्या मुलांबरोबर संपत नाही. सूनही पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नात 2012 साली मिरजेत जन्मली. नातू तिकडं न्यू जर्सीत, म्हणून तो जन्मतःच अमेरिकेचा नागरिक. नात बापाच्या कागदावर. तिला एकविसावं लागेपर्यंत तारीख आली नाही, तर काही सवलती सोडता ती बापाच्या अर्जातून बाहेर पडणार. मराठी तोडकंमोडकं बोलणारी, शाळेत पहिली येणारी ती पोरगी 2033 साली परदेशी विद्यार्थी म्हणून स्वतःचा नवा अर्ज भरणार. धाकटा आता तिथला नागरिक आहे. भावासाठी तोही अर्ज करू शकतो. पण भावंडांच्या रांगेत 2025 साली 2006 चे कागद निघत होते.

1904 साली विठ्ठलराव दातारांनी आमच्या गावात पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून हे गाव बाहेरून आलेल्या हातांवर चाललं आहे. माझे वडील सीमेपलीकडच्या खेड्यातून आले, रात्रपाळीला माग चालवू लागले आणि दोन-तीन वर्षांत इचलकरंजीकर झाले. त्यांना कुणी तारीख दिली नव्हती. आता बिहार-ओडिशाची पोरं मागावर दिसतात. त्यांच्याकडं पाहिलं की मला थोरला आठवतो. पूर्वी मी त्यांना नावानं हाक मारत नसे, ‘ए भैया’ म्हणायचो. आता नाव विचारतो.

थोरल्यानं कायदा समजावला, त्या रात्री बायको शेजारीच बसली होती. फोन ठेवल्यावर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मैं मायके आई, वोच गलत हुआ क्या जी?” मी हिशेबनीस माणूस. तिला सात टक्के म्हणजे किती, हे सांगत बसलो. ती ऐकून उठून गेली. तिला आकडे नको होते, हे मला ती गेल्यावर कळलं.

गेल्या महिन्यात सुनेचा फोन आला. नातीच्या कॉलेजची चौकशी सुरू आहे. बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली, “अब्बा, मी तेव्हा मिरजेला आले नसते तर?”

मी म्हणालो, “तू आईकडं आलीस, बेटा. त्यात तुझं काही चुकलं नाही.”

पलीकडून काही आवाज आला नाही. मीही फोन ठेवला नाही.