चाळीस हजार एक म्हणजे शून्य

आजचं लिखाण जरा धंद्यातलं आहे. वायरी आणि बिट-बाइट यांचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी सरळ टोमॅटोवर उडी मारली तरी चालेल, टोमॅटो खाली येतातच.

मी फर्मवेअर लिहितो. म्हणजे डब्याच्या आतल्या छोट्या चिपवर चालणारा प्रोग्राम. आमचा डबा शेतात लागतो. एका बाजूला मातीतले सेन्सर, दुसऱ्या बाजूला ठिबकचे व्हॉल्व्ह. सगळे सेन्सर एकाच जोडवायरीवर ओळीने टांगलेले असतात. वायरीवरची विजेची रीत आरएस-४८५ आणि तिच्यावर बोलायची भाषा मॉडबस.

मॉडबस १९७९ सालची, मोडिकॉन कंपनीने कारखान्यातल्या कंट्रोलरसाठी काढलेली. माझ्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, पण अजून ठणठणीत! कारण ती फार सोपी आहे. वायरीवर एकच मालक, तो नंबर घेऊन विचारणार, ज्याचा नंबर त्यानेच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. (आमच्या ग्रामसभेत हा नियम लागू करायला हवा, पण ते जाऊ दे.) स्पेसिफिकेशन फुकट मिळतं, कुणाचा परवाना लागत नाही. त्यामुळे कुणीही सेन्सर बनवावा आणि खोक्यावर 'मॉडबस' छापावं. आणि लोक छापतात.

छापतात, पण पाळतात का?

वायर जोडण्यापासूनच सुरुवात होते. आरएस-४८५ ला ए आणि बी अशा दोन तारा. एक कंपनी ज्याला ए म्हणते त्याला दुसरी बी म्हणते. इतकं सर्रास चालतं, की साईटवरचा पोरगा पहिल्यांदा उत्तर आलं नाही तर काही न विचारता तारा उलट्या करतो, आणि निम्म्या वेळा चालू होतं. मग वेळेचं बंधन. दोन संदेशांच्या मधे साडेतीन अक्षरांइतकी शांतता हवी, ९६०० च्या वेगाला साधारण ४ मिलिसेकंद. काही सेन्सर एकाच संदेशाच्या मधेच दम खातात, मग डब्याला वाटतं बोलणं संपलं. काही उलटे इतके उतावीळ, की डब्याने आपला प्रश्न संपवून वायर सोडायच्या आतच उत्तर द्यायला लागतात. शून्य नंबर हा सगळ्यांना उद्देशून असतो आणि त्याला कुणीच उत्तर द्यायचं नसतं, तरी उत्तर देणारे महाभाग आहेत. ३२ बिटांचा आकडा दोन तुकड्यांत येतो, त्यातला आधी कुठला हे मॉडबस सांगतच नाही, म्हणून ज्याची त्याची वेगळी रीत. मीटरवर १,२५,००० युनिट असतील आणि तुकडे उलटे लावले तर ३८९ कोटींच्या वर आकडा येतो.

यांचा मला राग येत नाही. कारण ही चूक दिसते. ३८९ कोटी युनिट बघून कुणीही डोक्याला हात लावेल. उत्तरच आलं नाही तर डब्यावरचा लाल दिवा लागतो. अशा यंत्रांना सांभाळून घेणं हे फर्मवेअरवाल्याचं रोजचं काम. इथे थोडं थांबायचं, तिथे तुकडे उलटे करायचे, झालं.

खरा त्रास देणारा प्रकार वेगळा. लेखाच्या मथळ्यात आहे तो.

मॉडबसमध्ये प्रत्येक मोजमापाला एक खाना असतो, त्याला रजिस्टर म्हणतात. माणसांसाठीच्या कागदावर हे खाने ४०००१, ४०००२ असे एकपासून मोजायची जुनी चाल आहे. पण वायरीवर जो पत्ता जातो तो शून्यापासून. म्हणजे कागदावरचं ४०००१ वायरीवर ०, ४०००२ म्हणजे १. स्पेसिफिकेशनमध्ये हे स्वच्छ लिहिलंय. तरीही सेन्सर बनवणारा एखादा ४०००२ वाचतो आणि खाना नंबर २ मध्ये आकडा ठेवून देतो. सगळं घर एकाने सरकतं.

आता टोमॅटो.

कळंबला माझ्या मामांची शेती आहे, पुणे-नाशिक रस्त्यापासून आत. उन्हाळी टोमॅटो, मल्चिंग पेपरवर, ठिबकवर. माल नारायणगावच्या बाजारात जातो. २०२३ च्या जुलैमध्ये तिथे क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला होता, ते साल आमच्याकडे लग्नाच्या तारखांसारखं आठवतात. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत भाव कोसळले ते मात्र कुणी फार बोलत नाही.

मामांनी डबा लावला तो भाच्याच्या प्रेमापोटी नव्हे. बिबट्यामुळे. जुन्नर-आंबेगावात उसात बिबटे राहतात, हे आता पेपरात वाचून सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालंय. आणि शेतीची थ्री-फेज लाईट पाळीने असायची, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन व्हॉल्व्ह फिरवायला जायचं म्हणजे घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला. डब्याचं काम सोपं: मातीतला ओलावा २६ टक्क्यांच्या खाली गेला आणि लाईट असली की व्हॉल्व्ह उघड, ३२ च्या वर गेला की बंद कर. एक सीझन उत्तम चालला.

पुढच्या वर्षी नांगरटीत एका सेन्सरची वायर तुटली म्हणून नवीन सेन्सर आणला. तीच कंपनी, तेच मॉडेल, तसंच स्टिकर, तेच मॅन्युअल. मॅन्युअलमध्ये मातीचं तापमान ४०००१ आणि ओलावा ४०००२. लावला, लगेच आकडे यायला लागले. २८.४, २९.१... सगळं शहाण्यासारखं.

तीन आठवड्यांनी मामांचा फोन. "आरं, तुझा डबा रात्रीची लाईट असली की पहाटं पहाटं भरमसाट पाणी सोडतोय, अन् दिवसाची लाईट असली की अख्खा आठवडा थेंब न्हाई. त्याला काय बिबट्याचं भ्या वाटंना व्हय दिवसाचं?"

मी घरून ओलाव्याचा ग्राफ काढला आणि बघतच राहिलो. ओलावा सकाळपासून वर चढत होता, दुपारी तीन-चारला ३५ ला टेकत होता आणि मग पहाटेपर्यंत २४ ला उतरत होता. रोज. पाणी दिलं तरी तेच, नाही दिलं तरी तेच. मातीचा ओलावा असा वागत नाही, असं वागतं ते ऊन. आम्ही वाचत होतो ते मातीचं तापमान होतं! नव्या लॉटमध्ये घर एकाने सरकलं होतं. डबा पत्ता १ विचारत होता, जिथे आधी ओलावा होता तिथे आता तापमान बसलं होतं. दोन्ही मोजमापं दसपटीत पाठवलेली, दोन्ही वीस ते चाळीसच्या मधली. भर एप्रिलच्या दुपारी, जेव्हा झाडाला पाणी हवं, तेव्हाच आकडा म्हणत होता 'भरपूर ओल आहे'.

एक आठवडा ताण आणि पुढच्या आठवड्यात एकदम पाणी, हे टोमॅटोला अजिबात चालत नाही. फळं तडकतात आणि बुडाशी काळी पडतात. त्या प्लॉटमधली पहिली तोडणी बरीचशी बांधावर गेली.

आणखी एक गोष्ट मला जास्त लागली. नव्या सेन्सरमध्ये पत्ता ० रिकामा होता. रिकाम्या पत्त्यावर विचारलं तर मॉडबसच्या नियमाने 'असा पत्ता नाही' अशी चूक कळवायची असते, त्याचा कोड २. या सेन्सरने ते न करता गपचूप ० पाठवला. एक नियम मोडला होताच, दुसराही मोडल्यामुळे पहिला पकडायचा रस्ता बंद झाला.

ही एकाने चुकायची खोड काही शेतातल्या स्वस्त सेन्सरांचीच नाही. लिनक्समध्ये युएसबी डिस्कसाठी एक फाइल आहे, नावच 'अनयुज्युअल डेव्हज'. त्यात रीत सोडून वागणाऱ्या उपकरणांची लांबलचक यादी आहे. डिस्कला 'तू केवढी' विचारलं की तिने शेवटच्या ब्लॉकचा नंबर सांगायचा असतो, पण काही उपकरणं एकूण ब्लॉक किती ते सांगतात. म्हणजे एक जास्त. त्यांच्यासाठी 'फिक्स कपॅसिटी' अशी खूण आहे, आणि निकॉनचे बरेच कॅमेरे त्या यादीत आहेत. मला आवडतं ते त्या यादीचं वळण. प्रत्येक नोंदीत कंपनीचा नंबर, उपकरणाचा नंबर, आणि कुठल्या आवृत्तीपासून कुठल्या आवृत्तीपर्यंत हे सगळं लिहायचं. नवी नोंद घालायची तर वर आपला ईमेल, शक्यतो कारण, आणि उपकरण लावल्यावर सिस्टिमला काय दिसलं त्याची प्रत द्यायची. सवलत मिळते, पण नावानिशी आणि मोजून मापून.

युएसबीला हे जमतं कारण तिथे प्रत्येक उपकरणाला स्वतःची ओळख सांगावीच लागते. मॉडबसमध्येही ओळख विचारायची सोय आहे, फंक्शन ४३. पण ती ऐच्छिक, आणि स्वस्त सेन्सर ती ठेवत नाहीत. म्हणजे माझ्याकडे यादी करायची तर नाव कुठून आणायचं? जुना लॉट आणि नवा लॉट वायरीवरून सारखेच दिसतात.

कळंबहून नारायणगाव ओलांडून पलीकडे खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण. तिथेही अँटेनापाशी बसलेला कॉम्प्युटर छोट्या मायक्रोकंट्रोलर कार्डांशी आरएस-४८५ वरच बोलायचा, अशी मूळची रचना. पण विचारणारा आणि उत्तर देणारा दोघंही एकाच संस्थेने घडवलेले. घरचीच माणसं, एकाने पत्ता सरकवला तर दुसऱ्याला टेबलाशी जाऊन विचारता येतं. आमच्या डब्याचं तसं नाही, दुकानातून जो येईल तो पाहुणा.

ऑफिसात यावर आठवडाभर वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं, डब्यानेच ओळखावं. पत्ता ० वाचायचा, तिथे ० आला तर नवा लॉट, नाही तर जुना. कळंबच्या मातीचं तापमान शून्य होणार नाही, मुद्दा खोटा नाही. आणि जोडीला जॉन पोस्टेलचं सुप्रसिद्ध तत्त्व: पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार राहा. १९८० च्या टीसीपीच्या कागदपत्रातलं.

मला ते पटलं नाही. एक तर वीज आल्याबरोबर पहिले काही सेकंद हे सेन्सर सगळ्याच खान्यांत ० पाठवतात, आणि आमच्याकडे वीज दिवसातून कितीदा जाते-येते ते सांगायला नको. दुसरं म्हणजे तिसरा लॉट येणारच. आणि पोस्टेलसाहेबांच्या उदारपणाबद्दल इंटरनेटवाल्यांचंच मत बदललंय, त्यांच्या आर्किटेक्चर बोर्डाने २०२३ मध्ये एक अख्खं टिपण लिहून सांगितलं की चुका खपवून घेत गेलं की त्या चुकाच रीत होऊन बसतात. माझं मत त्याहून साधं आहे. उत्तर उशिरा आलं, तारा उलट्या लागल्या, इथे हवं तेवढं उदार व्हा. पण हा आकडा कशाचा आहे, हे डब्याने अंदाजाने ठरवायचं नाही. अंदाज चुकला तर माझी बग-लिस्ट एका ओळीने वाढते. मामांची तोडणी जाते.

मग जे केलं ते अगदी गावठी आहे. आम्ही त्याला बादली टेस्ट म्हणतो. नवा सेन्सर जोडला की डबा त्याचे आकडे दाखवतो, पण व्हॉल्व्हला हात लावू देत नाही. स्क्रीनवर येतं: सेन्सर पाण्याच्या बादलीत बुडवा. मिनिटभरात ओलाव्याच्या खान्यातला आकडा उडी मारून वर गेला पाहिजे. मग बाहेर काढून पुसा, आकडा खाली आला पाहिजे. उडी शेजारच्या खान्यात दिसली तर डबा तेवढं सांगतो आणि थांबतो. सरकलेला पत्ता वापरायचा की सेन्सर परत करायचा हे माणसाने ठरवायचं, आणि ठरवलं ते नोंदीत जातं: तारीख, खोक्यावरचा लॉट नंबर, कारण. त्याशिवाय एक पहारा कायमचा: ओलावा सलग तीन दिवस उन्हाबरोबर वरखाली झाला तर व्हॉल्व्ह हाताने चालवायवर टाकून मालकाला मेसेज.

डीलर लोक वैतागलेत. त्यांचं म्हणणं, दुसऱ्या कंपनीचा डबा जोडला की लगेच चालू होतो, तुमच्यासाठी आम्ही बादल्या घेऊन हिंडायचं का. खरं आहे, एका सेन्सरमागे दहा मिनिटं जातात. मार्केटिंगने मागच्या महिन्यात 'ही टेस्ट वगळा' असं बटण मागितलं होतं. मी दिलेलं नाही, अजून तरी. पण टेस्ट सुरू केल्यापासून सरकलेल्या खान्यांचे तीन सेन्सर लावतानाच सापडले, त्यातला एक वेगळ्याच मॉडेलचा होता आणि त्याचं घर दोनाने सरकलेलं होतं.