पंधरा क्विंटल धानाचा टीव्ही

या पानावर परे, रोवणी, खत, कीड याच्या बाहेर मी सहसा जात नाही. पण दिवाळीपासून दवनीवाडा आणि आजूबाजूच्या गावांतून इतक्या जणांनी "कितीचा घेतला जी, कसा निघाला" असं विचारलं की एकदाच लिहून टाकतो. आमच्या ओळखीत गेल्या वर्षभरात चार घरी मोठ्या पडद्याचे टीव्ही आले. दोन ४३ इंची, एक ५५, एक ६५. त्यातला ५५ वाला आमचा. नवीन वाण लावताना जसं आपण आधी लावलेल्याच्या बांधावर जाऊन विचारतो, तसं मी बाकी तिघांच्या घरी बसून, चहा पिऊन, विचारून आलो होतो.

आधी पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे मूळ किंमत ३०,००० असेल तर आधी ३८,४०० लागत होते, आता ३५,४००. उन्हाळी धानाचे पैसे हातात होते तरी मी घरच्यांना तीन आठवडे थांबवलं ते यासाठीच. २०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव २,३६९ रुपये होता. ३५,४०० ला भागून पाहा, पंधरा क्विंटल धान झालं. आमच्या हलक्या बांधीत एका एकराचं जवळपास अख्खं पीक. खर्च वजा न करता! हा हिशोब मी घरी मांडला तेव्हा मालकीण म्हणाली, "रोवणीचा, निंदणाचा, कापणीचा हिशोब कधी असा माझ्यासमोर मांडला का?" पुढं मी काही बोललो नाही. टीव्ही आला.

दुकानात 'शून्य टक्के व्याज' असं लिहिलेलं असते. आमच्यापैकी एकानं तसा हप्ता बांधला आहे. प्रोसेसिंग फी वेगळी गेली, आणि रोखीनं घेणाऱ्याला जी सूट होती ती त्याला मिळाली नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असा प्रकार नसतोच, ते व्याज कुठं ना कुठं लपवलेलं असते. आपल्या धंद्यात अजून एक अडचण. हप्ता दर महिन्याला कापला जाते, धानाचा चुकारा दर महिन्याला येत नाही. केंद्रावर मोजणी झाल्यावर पैसे खात्यात पडेपर्यंत किती वाट पाहावी लागते ते तुम्हाला मी काय सांगू. तेवढ्यात दोन हप्ते उलटले की दंड सुरू. ज्याची नोकरी आहे, दुधाचा पैसा आहे, त्यानं हप्ता बांधावा. नुसत्या धानावर बांधू नये.

आकाराबद्दल. इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरपं माप. ५५ इंची पडदा रुंदीला चार फूट आणि उंचीला सव्वादोन फूट भरते. ४३ पेक्षा क्षेत्र दीडपटीहून जास्त. ज्यांच्या घरी ६५ आला त्यांची खोली दहा फुटाची, त्यात पलंग आणि धानाची कोठी. म्हातारी आई म्हणते, मान दुखते. ५५ साठी सात-आठ फूट अंतर मिळालं तर बरं.

भिंतीचं मात्र नीट पाहा. आपल्याकडं अजून बरीच घरं मातीच्या जोडाईची, वर कवेलू. अशा भिंतीत खिळा धरते, स्टँडचा बोल्ट धरत नाही. बसवायला आलेला पोरगा ड्रिल मारून मोकळा होते. आम्ही मिस्त्रीकडून आधी लाकडी पाट आरपार बोल्टनं बसवून घेतला, मग त्यावर टीव्ही. ज्याला हे जमत नसेल त्यानं सरळ टेबलावर ठेवावा. आणि गोंदियाहून आणताना खोका उभाच आणा. गाडीत आडवा झोपवून, वर पोतं टाकून आणला आणि खड्ड्यात पॅनेल दबलं तर ते वॉरंटीत बसत नाही. नवीन पॅनेलची किंमत जवळपास नव्या टीव्हीएवढी.

आता सगळ्यात जास्त नाराजी ज्यावर ऐकली ते सांगतो. दुकानात चित्र काचेसारखं स्वच्छ, घरी आणून फ्री डिशला जोडलं की धुरकट! टीव्हीत दोष नसते. मोफत डिशच्या बहुतेक वाहिन्यांचं चित्र फार तर चार लाख ठिपक्यांचं असते. फोर-के पडद्यावर ८३ लाख ठिपके. म्हणजे एका ठिपक्याला ताणून वीस ठिपके झाकायचे. विरळ रोवणी केल्यासारखं दिसणारच. जुन्या २१ इंची डब्यावर हे कळत नव्हतं. दुकानात लावलेली चित्रफीत खास त्या पडद्यासाठी बनवलेली असते. म्हणून दुकानात गेलात तर त्याला साधी वाहिनी लावून दाखवायला सांगा, मग ठरवा. नेटवरून पाहाल तर चित्र सुंदर, पण एचडीत तासाला तीनेक जीबी डेटा जाते. मोबाइलच्या रोजच्या डेटात अर्धी क्रिकेट मॅच पण होत नाही. विजेचं एवढं भय नाही. आमचा १२० वॅटचा, रोज चार तास चालला तर महिन्याला चौदा-पंधरा युनिट.

वीज पडण्याचं भय मात्र खरं. आपल्याकडं मिरगाच्या आधी आणि परतीच्या पावसात कडकडाट कसा असते ते ठाऊक आहे. प्लग काढून भागत नाही, छतावरच्या डिशमधून आलेली वायर पण काढायची. ४३ वाल्या एका घरी प्लग काढलेला होता, वायर राहिली, बोर्ड गेला.

इथपर्यंत जे लिहिलं ते कोणीही सांगेल. मला खरं सांगायचं आहे ते ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यातलं.

आमचं भारी धान तेव्हा लोंबीवर होतं. चार एकर. खालच्या दोन बांध्यांत चुडाच्या बुडाशी तुडतुडे दिसू लागले. ढगाळ हवा, बांधीत पाणी साचलेलं, शेजारच्या शिवारात गोल चट्टे पडून धान जळालेलं. रात्री झोप नव्हती. दुकानदार म्हणत होता आजच मारा, आणि जे औषध हातात देत होता ते सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं. कृषीवाल्या वाचकांना माहीत आहे, त्यानं तुडतुडा नंतर उलट वाढते, कारण त्याला खाणारे मरतात.

आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पंचाहत्तरीचे. धानातलं त्यांना जे कळते ते मला अजून निम्मं नाही कळत. पण डोळ्यानं अधू. मोबाइलवरचा फोटो त्यांना दाखवला की ते हात झटकतात. बांधीत वाकून बुड पाहणं आता त्यांना होत नाही. दोन वर्षांपासून ते ओसरीवर बसून नुसतं विचारतात, "धान कसा आहे?" आणि आम्ही सांगतो, "बरा आहे जी."

त्या दिवशी मी चूड फाकवून बुडाचे दहा-बारा फोटो काढले. संध्याकाळी पोरीनं ते मोबाइलवरून टीव्हीवर टाकले. चार फूट रुंदीचा चूड भिंतीवर! मोठे बाबा खाटेवरून उठून पडद्याजवळ गेले. बोट ठेवून मोजायला लागले. एक, दोन, तीन... सात मोजले आणि थांबले.

"बापू, हा हिरवा कोन होय रे? हा त तुडतुड्यावानी नोहे."

मी तेच फोटो बांधीत उभं राहून पाहिले होते. मोबाइलच्या पडद्यावर तो हिरवा जीव गवताचा तुकडा वाटत होता. फोटो आमच्या कृषी सहायक मॅडमना पाठवला. उत्तर आलं, हा मिरीड ढेकूण, मित्रकीड, तुडतुड्याची अंडी आणि पिल्लं खाते. मग आम्ही सगळे फोटो परत लावले आणि बाबांनी बोटानं दोन्ही वेगवेगळे मोजले. वरच्या बांध्यांत चुडाला तीन-चार तुडतुडे आणि तेवढेच हिरवे. खालच्या एका बांधीत पंधराच्या वर तुडतुडे आणि हिरवा जवळपास नाही.

ठरलं असं की सगळीकडचं पाणी काढायचं, बांध्या चार दिवस कोरड्या ठेवायच्या, आणि फवारणी फक्त त्या एका बांधीत, मॅडमनी सांगितलेल्या औषधाची, नोझल बुडाशी धरून. बाकी साडेतीन एकर तसंच ठेवलं. रोज संध्याकाळी नवे फोटो, रोज मोजणी. शेजारचे चार-पाच जण आपापले फोटो घेऊन यायला लागले. मालकीण म्हणाली, मालिका कधी पाहायची ते तरी सांगा. वरच्या बांध्यांत चट्टा पडला नाही. खालच्या बांधीत घागरीच्या तोंडाएवढे दोन गोल गेले, तेवढंच.

दिल्लीच्या आसपासच्या गावांत १९६७ च्या २६ जानेवारीला 'कृषी दर्शन' सुरू झालं तेव्हा शेतकरी असेच एका सामाईक टीव्हीसमोर बसत. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या प्रयोगात आपल्या शेजारच्या रायपूर भागातल्या गावांतही टीव्ही ठेवले गेले होते. तेव्हा दिल्ली-अहमदाबादवाले दाखवत आणि गाव पाहत असे. आमच्या घरी बांधीच दिसत होती, आणि सांगत होते मोठे बाबा.

एक सावधगिरी, खास करून युरियासाठी फोटो पाहणाऱ्यांना. पानाचा रंग टीव्हीवर पाहून खत ठरवू नका. नवीन टीव्ही 'व्हिव्हिड' मोडवर येते, त्यात पिवळं पान पण हिरवंगार दिसते. आमच्याकडं पिवळसर पडलेली बांधी पडद्यावर कृषी विद्यापीठाच्या प्लॉटसारखी दिसत होती. पर्णरंग तक्ता घेऊन बांधीतच जा, पान सावलीत धरून जुळवा. किडीचा आकार, पायांची ठेवण, करप्याचा डोळ्यासारखा ठिपका, एवढ्यासाठी पडदा चांगला.

अजून एक राहिलं. चुरणं झाल्यावर पोती टीव्हीच्या खोलीत रचू नका. उंदीर धानासाठी येते आणि वायर कुरतडते. आमची पोती आता ओसरीवर आहेत, आणि त्यांच्यावर पाय सोडून मोठे बाबा बसले आहेत. सकाळपासून दोनदा विचारून झालं, उन्हाळी धानाचे परे टीव्हीवर कधी दाखवता म्हणून.